एका घरात ठेवू नये

आमच्या फ्रिजच्या दारातला वरचा कप्पा माझा. तिथे लोणच्याची बाटली किंवा अर्धं चिरलेलं लिंबू ठेवायचं नाही, असा घरात तह झालेला आहे. कप्प्यात औषधांच्या धुतलेल्या बाटल्या, कॉफीच्या एक-दोन बरण्या, आणि प्रत्येकीवर चिकटपट्टी. पट्टीवर भाजीचं नाव, खाली वर्ष, त्याखाली माणूस. ‘शिराळी, काकी.’ ‘तवसं, काकी.’ ‘लाल भाजी, काकी.’ मधेच ‘सतपुतिया, रखवालदार’ किंवा ‘भरताची वांगी, पोळ्यांच्या मावशी’. दुकानातल्या पाकिटावर जात असते, कंपनी असते. मला देणाऱ्याचं नाव लिहावंसं वाटतं, कारण माझ्या बागेत पैसे मोजून आणलेलं फारसं काही नाही. बाग म्हणजे तरी काय? ठाण्यातला तळमजल्यावरचा फ्लॅट, मागे कंपाउंडच्या भिंतीलगत पावलाभर रुंदीची मातीची पट्टी, खिडकीच्या गजांना बांधलेल्या सुतळ्या, आणि गच्चीवर सेक्रेटरीच्या नाराजीसकट ठेवलेली अर्धी कापलेली पिंपं. एवढ्याशा जमिनीवर कर्ज मात्र चिकार आहे, आणि त्यातलं निम्म्याहून अधिक एका बाईचं.

काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको. सावंतवाडी तालुक्यात, बांद्याजवळ आमचं गाव. तिचं घर आमच्या घराला लागून, मधे फक्त गडगा. काकी गोड बोलणाऱ्यांपैकी नव्हती. पोरांना कैऱ्यांवरून, सुनांना पाण्यावरून आणि सरपंचाला रस्त्यावरून ती सारख्याच आवाजात झापायची. पण रोहिणी लागल्या, म्हणजे मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला, की तिच्या पडवीत बायका येऊन बसायच्या. चहा व्हायचा. कुणाची सून, कुणाची म्हैस, कुणाच्या बागेत माकडं, हे सगळं होऊन गेल्यावर उठता उठता एखादी सहज आठवल्यासारखं विचारायची, ‘‘काकी, पडवळाचां बी आसा?’’ काकी आत जायची आणि फडक्याची पुरचुंडी घेऊन बाहेर यायची. त्या पडवीत पैशाचं नाव कुणी काढलं नाही. मात्र न मागता ती कुणाला द्यायचीही नाही. ‘‘मागल्याशिवाय दिल्लां बी रुजना नाय,’’ म्हणायची.

मी पहिल्यांदा मागितलं ते लग्नानंतरच्या मे महिन्यात. बायको देशावरची. दोडक्याला शिराळं म्हणतात हे तिला नवीन, पण काकीच्या हातची ओलं खोबरं घातलेली शिराळ्यांची भाजी तिनं दोनदा मागून घेतली. काकीची जात आखूड, जेमतेम वीतभर, कडा बोथट. कोवळी असताना सोलावी लागत नसत. मी म्हटलं, मूठभर बी दे. काकीनं आधी चौकशी सुरू केली. ऊन कुठल्या अंगानं येतं, किती वेळ टिकतं, वेल कशावर चढवणार, आम्ही गावी आलो की पाणी कोण घालणार. मी बँकेत कर्जखात्यात होतो, रोज अर्ज बघत होतो; इतकी नेमकी छाननी आमच्या शाखेत कधी झाली नसेल. मग तिनं वाशाला टांगलेलं एक सुकं शिराळं काढलं, टोकाची टोपी उडवली, तळहातावर काळ्या बिया ओतल्या आणि त्यातल्या सहा वेगळ्या करून मला दिल्या. बाकीच्या परत शिराळ्यात.

‘‘मूठभर घेतलंस तर निष्काळजी होशीत,’’ ती म्हणाली. ‘‘सहा घेतलंस तर सांभाळशीत.’’

आणि निघताना, ‘‘बियेचां फळ ठेवलंस काय माका कळव.’’ परत आणून दे असं ती म्हणाली नाही. फक्त कळव.

बियेचं फळ कोणतं ठेवायचं, यात माणसाची सगळी शिस्त दिसते. आपण सहसा हंगामभर खात सुटतो आणि वेल पिवळा पडू लागला की पानाआड राहून गेलेलं, वाकडं, अंग न धरलेलं फळ ‘बियेला’ सोडून देतो. काकीकडे क्रम वेगळा. पहिलं फळ देवाला. त्याच्या मागून येणाऱ्या दोन-तीन फळांतलं जे सरळ, भरदार आणि निरोगी वेलावरचं असेल, त्याच्या देठाला जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी. चिंधी बांधली की घरातल्या कुणी हात लावायचा नाही, पाहुणा दारात उभा असला तरी नाही. त्यानंतरचं घरच्यांचं. उशिराच्या फळात बी नीट पोसलेलं नसतं हे एक कारण. दुसरं असं, की मृगाच्या पहिल्या झोडपण्यातून तगून जो वेल लवकर धरतो त्याचं बी ठेवलं, तर पुढच्या वर्षीचे वेलही त्याच्याच वळणावर जातात. दरवर्षी उशिरा धरणाऱ्याचंच ठेवत गेलं, तर दहा वर्षांत मांडवावर आळशांची पैदास होते, आणि आपण म्हणतो, हल्ली हवामानच बदललंय.

एका चतुर्थीची गोष्ट. आदल्या दिवशी आम्ही पोरं माटवी बांधत होतो. गणपतीच्या डोक्यावरच्या त्या चौकटीला परसातली आणि रानातली फळं टांगायची. जितकी भरगच्च तितकी मिरवायला बरी. काकीच्या मांडवावर एक तवसं, म्हणजे काकडी, लोंबत होतं, पिवळट-तपकिरी रंगावर आलेलं, अंगावर बारीक जाळी पडलेली, असं तवसं अख्ख्या वाडीत नव्हतं. देठाला चिंधी होती. कुणीतरी म्हटलं, देवालाच तर हवंय. काकी म्हणाली, ‘‘गणपती पुढच्या वर्षाक पण येतलो. ह्यां बी गेलां तर येवचां नाय.’’ देवघरातला मान आणि वेलावरचं बी यांत कुणाला पुढे ठेवायचं, याबद्दल तिच्या मनात जराही गोंधळ नव्हता.

त्या तवशाचं बी काढायच्या आधी ती देठाकडची चकती कापून जिभेला लावायची. कडू लागलं तर फळ, बी, सगळं खताच्या खड्ड्यात, आणि वेलही उपटून त्याच्याच मागून. मला हे अतीच वाटायचं. काकडी, दुधी, शिराळी या सगळ्या कुळात कडवटपणा म्हणजे कुकुर्बिटासिन नावाचं विष, हे मला पुष्कळ नंतर समजलं. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्याच्या नोंदी आपल्या देशात आहेत. पिढ्यान् पिढ्या जिभेला लावून टाकून दिल्यामुळे आपल्या ताटातल्या या भाज्या गोड झाल्या. एक कडू वेल दयेपोटी ठेवला, तर ती मेहनत उलट्या दिशेनं चालू लागते.

काकीचं स्वयंपाकघर अंधारं. चुलीवरच्या वाशांना शिराळी, पारोशी, मक्याची कणसं, मिरच्यांचे देठासकटचे झुबके, सगळं धुरानं काळवंडलेलं. तवशाचं बी राखेत चोळून धुतलेलं आणि शेणाच्या गोळ्यात दाबून भिंतीला थापलेलं. चवळी आणि वाल मडक्यात, राखेत कालवून, तोंड शेणामातीनं लिंपून बंद. भाताचं बियाणं पेंढ्यानं आवळलेल्या मुडीत. लहानपणी मला तो सगळा प्रकार अडगळीसारखा वाटायचा. फ्रिज, प्लॅस्टिकच्या डब्या आणि इंटरनेट हाताशी आल्यावर मी शास्त्र वाचायला गेलो आणि जेम्स हॅरिंग्टन या अमेरिकन बीजशास्त्रज्ञाचा ठोकताळा हाती लागला. बियांतला ओलावा एक टक्क्यानं उतरवा, आयुष्य साधारण दुप्पट होतं. साठवणीचं तापमान ५ अंश सेल्सिअसनं उतरवा, पुन्हा दुप्पट. ओलावा ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान असेपर्यंत हे गणित बऱ्यापैकी चालतं. आता आषाढातलं कोकण डोळ्यांसमोर आणा. भिंतीला ओल, कपड्यांना वास, मीठ पाणी सोडतंय. उघडं बी अशा हवेतून ओलावा ओढून घेतं आणि आतल्या आत जगू लागतं, म्हणजे संपू लागतं. थंडावा काकीच्या हातात नव्हता. कोरडेपणा होता, आणि घरात तो मिळण्याची जागा एकच, चुलीच्या वर. वर धुरामुळे कीडही जवळ फिरकत नसे. राखेचंही तसंच. ती भुंग्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडते, त्याच्या अंगातलं पाणी उडतं, आणि दाण्यांमधल्या फटी बुजल्यामुळे त्याला हलायला वाव राहत नाही.

पण सगळ्याच बिया वाशावर चढवायच्या नसतात, हेही तिला ठाऊक होतं. फणस, आंबा, कोकम यांचं बी सुकवलं की मेलं. फणसाच्या आठळ्या ती मातीत घालून ठेवायची, पावसाळ्यात भाजी मिळेनाशी झाली की उकडायला. त्यातल्या ज्यांना मोड दिसत, त्या परसाच्या कडेला जात. गावातली निम्मी फणसाची झाडं अशीच, न खाल्लेल्या आठळ्यांतून उभी राहिली असणार.

आमच्याकडे गॅसची शेगडी, वर चिमणी, धुराचा प्रश्नच नाही. मी सावलीत, पंख्याखाली, स्टीलच्या ताटात बी सुकवतो. कागदावर घातलं तर टोमॅटोचं बी असं चिकटतं की कागदासकट पेरावं लागतं. टोमॅटोच्या बियांभोवतीचा बुळबुळीत गर काढायला त्या थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस आंबवाव्या लागतात. त्या दिवसांत स्वयंपाकघरात जो वास येतो त्याबद्दल घरातलं मत इथे लिहिण्यासारखं नाही. वांग्याला हे सोपस्कार नाहीत. फळ पिवळं पडून मऊ होईपर्यंत झाडावर राहू द्यायचं, मग पाण्यात कुस्करायचं. चांगलं बी तळाशी बसतं, पोकळ तरंगतं. सुकलं की नाही हे बघायची काकीची रीत अजून वापरतो. एक बी दाताखाली धरायचं. कटकन तुटलं तर तयार, नुसतं दबलं तर परत ताटात. बाटलीत तळाला कोरडे भाजलेले तांदूळ फडक्यात बांधून टाकतो, उरलासुरला ओलावा ते शोषतात. आणि फ्रिजमधून काढलेली बाटली लगेच उघडायची नाही. बाहेरच्या हवेइतकी होईपर्यंत बंदच ठेवायची, नाहीतर गार बियांवर दव धरतं आणि वर्षभराची राखण एका मिनिटात जाते. कांद्याचं बी मात्र काही केल्या फार टिकत नाही, एखाद-दोन वर्षांत त्याचा जोर जातो. शिराळी, तवसं, वांगी, टोमॅटो नीट ठेवले तर चार-पाच वर्षं थांबतात. शंका आली की ओल्या फडक्यात दहा बिया गुंडाळून ठेवायच्या आणि किती फुटल्या ते मोजायचं. घटस्थापनेच्या रुजवणात आपल्या पूर्वजांनी हीच परीक्षा दडवून ठेवली होती, असं हल्ली कुणी कुणी सांगतं. असेलही. काकीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, रुजवण देवीसाठी असतं.

मला काळजी होती ती बी बाटण्याची. हा काकीचाच शब्द. शिराळ्याच्या वेलावर नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी, आणि मधमाशी कुठून परागकण घेऊन येईल याचा नेम नाही. काकीच्या मांडवावर शिराळी आणि पारोशी, म्हणजे घोसाळी, शेजारी शेजारी चढायची. मी विचारलं, ही एकमेकांत मिसळत नाहीत? ‘‘शिराळ्याचां फूल सांजचां, पारोशाचां सकाळचां,’’ ती म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातही हेच आहे, शिराळं सूर्य कलल्यावर उमलतं आणि घोसाळं पहाटे. दोन जातींची शिराळी मात्र ती एका परसात कधी लावत नसे. गावात दर घरापुढे मांडव, म्हणून तिला गडग्यापलीकडच्या शेजारणींवरही नजर ठेवावी लागे. या बाबतीत ठाण्यात मी सुखी आहे. आमच्या परिसरात गाड्या आहेत, कबुतरं आहेत, शिराळ्याचा दुसरा वेल नाही. काकीच्या बियाण्याला सिमेंटच्या या जंगलात जितका एकांत मिळाला, तितका बांद्याला मिळाला नसता.

तो एकांत मोडला आमच्या रखवालदारानं. बिहारचा माणूस. खिडकीच्या सुतळीवर चढलेला वेल रोज बघायचा, काही बोलायचा नाही. एकदा गावाहून परतला तो गमछाच्या टोकाला बिया बांधूनच. सतपुतिया. शिराळ्याचीच बहीण, पण फळं बोटभर आणि एकेका देठावर झुबक्यानं, आणि फूल असं की नर-मादी एकातच. त्यानं ती मला दिली आणि विचारलं, ‘‘आप की लाल साग का बीज मिलेगा?’’ काकीची लाल भाजी अशी गंगेच्या काठी गेली. आता प्रश्न असा, की सतपुतिया आणि शिराळी एकमेकांत सहज मिसळतात. तेव्हापासून सतपुतिया गच्चीवर, शिराळी खाली, आणि बियेच्या फळासाठी दोरा. उमलायच्या आधी, दुपारी, मादी कळी शोधायची, तिच्याखाली इवलंसं शिराळं दिसतंच. तिच्या टोकाला सैल दोरा बांधायचा, एका नर कळीलाही. संध्याकाळी दोन्ही सोडून नर फूल मादीवर फिरवायचं, मादी पुन्हा बांधायची, देठाला चिंधी. निवृत्तीनंतर माणसं देवळात जातात. मी त्या वेळी शिडीवर असतो.

बँकेची सवय जात नाही, म्हणून हा सगळा व्यवहार कायद्यात बसतो का तेही मी बघून ठेवलं आहे. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ साली झाला. शेतकऱ्यानं आपल्या शेतातलं बी राखावं, पेरावं, अदलाबदल करावी, विकावं सुद्धा, फक्त ब्रँड लावून विकू नये, असं त्यात आहे. काकीच्या पडवीतलं चालचलन पुढे संसदेनंही मान्य केलं म्हणायचं.

पाकिटातल्या बियाण्याशी माझं भांडण नाही. माझ्या चुलतभावानं एकदा संकरित काकडी लावली, टोपल्या भरून पीक आलं, आणि काकीनं स्वतः येऊन ते पाहिलं. पुढच्या वर्षी त्यानं त्याच काकड्यांचं घरचं बी पेरलं आणि मांडवावर एकाला एक जुळेना. एक बुटकं, एक लांबडं, एक पांढरं. ‘‘ह्येंका आवशी-बापाशीची याद नाय,’’ काकीनं निकाल दिला. दोन वेगळ्या शुद्ध वाणांचा संकर पहिल्याच पिढीत एकसारखा येतो, दुसऱ्या पिढीत त्याचे सुटे सुटे भाग होतात, म्हणून ते दरवर्षी विकत आणायचं असतं. यात फसवाफसवी काही नाही. पण ते दुसऱ्याला देता येत नाही. गडग्यावरून शेजारणीला द्यायला तिथे काही उरत नाही, आणि काकीची अडचण नेमकी तिथेच होती.

तसं पाहिलं तर काकीच्या वाशावरचंही सगळं कुठे तिचं होतं? तवसं आणि शिराळी इथलीच. पण मिरचीचे झुबके सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्याच्या किनाऱ्याला लागले, मका आणि लाल भोपळाही अमेरिकेकडचे. दुधी तर त्यांच्या कितीतरी आधी आफ्रिकेतून आलेला. कुठल्यातरी बंदरात कुणीतरी कुणाकडे तरी मागितलं असणार. त्या माणसाचं नाव चिकटपट्टीवर लिहायची सोय नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सिंधुदुर्गात पूर आला. तेरेखोल नदीचं पाणी बांद्याच्या बाजारपेठेत शिरलेलं सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं. आमच्या वाडीत नदी शिरली नाही, पण पाऊस इतका लागला की काकीच्या स्वयंपाकघराची मागची मातीची भिंत बसली. काकी तेव्हा पुतण्याकडे झोपायला होती म्हणून वाचली. वासे कलले, वरची शिराळी ओल्या मातीत गाडली गेली, भिंतीवरच्या शेणाच्या गोळ्यांचा चिखल झाला. आठवड्याभरात त्या ढिगाऱ्यातून तवशाची आणि शिराळ्यांची कोवळी रोपं वर आली, अवेळी, दाटीवाटीनं, आणि पुढच्या पावसात कुजून गेली. मांडवावरचे त्या वर्षीचे वेल मुळांशी पाणी तुंबून आधीच गेले होते. म्हणजे जुनं बी गेलं आणि नवं धरायच्या आत तेही गेलं. शेजारच्या घरांची अवस्था वेगळी नव्हती.

दिवाळीच्या सुमारास पुतण्याचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर काकीनं फोन मागून घेतला आणि विचारलं, ‘‘तुझी शिराळी कशी आसत?’’ तिनं मागितलं नाही. ज्या बाईनं जन्मभर मागितल्याशिवाय दिलं नाही, तिला स्वतःला मागायची सवय नसावी. मी म्हटलं, आहेत, शिमग्याला घेऊन येतो.

मार्च २०२० चा शिमगा. रोंबाट, पालखी, घरभर मुंबईकर. दोन आठवड्यांत देश बंद होणार आहे याची कुणाला कल्पना नव्हती. नव्या विटांच्या भिंतीला टेकून काकी बसली होती. मी बाटल्या पुढे ठेवल्या. तिनं एकेक उघडून वास घेतला. शिराळ्याचं एक बी दाताखाली धरलं, कटकन आवाज आला, तिनं मान हलवली. आमच्या फ्रिजचा मान एवढ्यापुरता राखला गेला. मग सूप मागवून तिनं सगळं बी त्यावर ओतलं, पाखडलं, निवडलं आणि बोटानं मधे रेघ ओढून दोन वाटे केले. एक वाटा फडक्यात बांधला. दुसरा परत माझ्या बाटलीत.

मी म्हटलं, काकी, हे सगळं तुझंच आहे, मी तुला द्यायला आणलंय.

‘‘सगळां एका घरात ठेवूचां नसतां,’’ ती म्हणाली. तू इतकी वर्षं बँकेत काय केलंस, असा भाव तिच्या चेहऱ्यावर होता.

इतकी वर्षं त्या सहा बियांना मी उपकार समजत होतो. तिच्या बाजूनं ती साठवण होती. ऊन किती, पाणी कोण घालणार, कळव, हे सगळं त्यासाठी. रोहिणीत पडवीत बसलेल्या त्या बायका तिच्याकडून बी नेत होत्या आणि ती आपलं बी त्यांच्या मांडवांवर नेऊन ठेवत होती. ज्याला देशील त्याला आधी नीट पारखून घे, कारण उद्या त्याच्याच दारात जावं लागेल. यात दातृत्व शोधायला गेलं तर काकीनंच हाकलून दिलं असतं. मी ठाण्यातलं एक मडकं होतो, जरा लांबचं, म्हणूनच पुरापासून सुरक्षित. हे लक्षात आल्यावर ऋण कमी झालं का? उलट. कुणी आपल्याला काही दिलं याच्यापेक्षा कुणी आपल्यावर काही सोपवलं, याचं ओझं जास्त असतं.

नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार्डच्या बेटांवर, डोंगराच्या पोटात जगभरातलं बियाणं ठेवायचं कोठार २६ फेब्रुवारी २००८ रोजी सुरू झालं. आत उणे १८ अंश. तिथे ठेवलेलं बी ज्या देशाचं त्याचंच राहतं, कोठार फक्त राखण करतं. सीरियातल्या आलेप्पोजवळ कोरडवाहू पिकांवर काम करणाऱ्या इकार्डा या संस्थेची बीजपेढी होती. यादवी पेटली आणि ती त्यांच्या हातून गेली. २०१५ साली त्यांनी स्वालबार्डमधून आपलं बी परत मागितलं, त्या कोठारातून झालेली ही पहिली उचल. लेबनॉन आणि मोरोक्कोत ते पेरलं, वाढवलं, आणि २०१७ साली त्याचा वाटा पुन्हा स्वालबार्डला नेऊन ठेवला. हे वाचताना मला काकीच्या बोटानं सुपावर ओढलेली रेघ दिसत होती.

त्याच शिमग्यात मी तिला राहीबाई पोपेरेंबद्दल सांगितलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई, शाळेची पायरी न चढलेल्या. बाएफ या संस्थेच्या मदतीनं त्यांनी गावरान वाणांची बीजपेढी उभी केली, २०१८ साली बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव आलं, आणि नुकतीच जानेवारीत पद्मश्री जाहीर झाली होती. मला वाटलं काकीला कौतुक वाटेल, किंवा थोडी असूया. तिनं मोबाइलवरचा फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. राहीबाईंकडे पाहत नव्हती ती, त्यांच्या मागच्या मडक्यांकडे पाहत होती. मग म्हणाली, ‘‘वालीचां बी गावतलां काय तिच्याकडसून? इचारून बघ.’’ मी हो म्हटलं. मग टाळेबंदी लागली आणि कोंभाळण्याला जाणं लांबलं.

काकी दोन वर्षांनी गेली. घर आता पुतण्याच्या मुलाकडे आहे, चूल काढून तिथे ओटा झाला आहे. शिराळी वाडीतल्या चार घरांत आहेत, मी दर चतुर्थीला मोजून येतो. तवसं दोन घरांत. लाल भाजी सगळीकडे, तिला राखण लागत नाही, ती स्वतःच पडते आणि स्वतःच उगवते. पडवळाची काकीची पांढरी, आखूड जात मात्र गावात नाही. पूर्वी न्यायला येणाऱ्यांपैकी एक जण लग्न करून पेडण्याला गेली असं कळलं, तिच्याकडे असण्याची शक्यता आहे. निरोप धाडला आहे.

माझ्याकडे आता मागायला माणसं येतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात एखाद-दुसरा फोन, कधी कुणी थेट फाटकाशी. मी ऊन विचारतो, पाणी विचारतो, सुट्टीत शेजारी कोण ते विचारतो. काहींना राग येतो. सहा बियांसाठी एवढी चौकशी कशाला, असं एकानं तोंडावर म्हटलं आणि तो ऑनलाइन मागवतो म्हणून निघून गेला. कळवा असं सांगूनही कुणी कळवत नाही, म्हणून श्रावणात मीच फोन करतो. वसुलीला बसलेला म्हातारा, असं बायको म्हणते.

परवा डोंबिवलीच्या एका मुलीला केला. नवराबायको दोघं नोकरीला, चौथा मजला, गॅलरीत वेल गजापर्यंत चढलेला. ती काळजीत होती. फुलं भरपूर आली, संध्याकाळी पिवळी धमक उमलतात आणि दुसऱ्या दिवशी गळून पडतात, फळ एक नाही. मी विचारलं, फुलाच्या खाली बारीक शिराळं दिसतं का? नाही म्हणाली. मग ती सगळी नर फुलं, आधी तीच येतात, मादी मागाहून. घाबरू नका, आणि चौथ्या मजल्यावर मधमाशी आली नाही तर नर फूल तोडून हातानं फिरवा. तिनं लिहून घेतलं. पहिल्या दोन-तीन फळांतलं सगळ्यात चांगलं असेल त्याला चिंधी बांधायची, हेही लिहून घेतलं.

‘‘पण काका, आम्ही अजून एकसुद्धा खाल्लेलं नाही हो. भाजी कधी करायची मग?’’

चौथ्याची, म्हटलं.